काच, थंडी आणि दोन लिटर पाणी

स्वतःच्या मोटारीने हिमालयाकडे निघणे ही मराठी कुटुंबांना आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. रोहतांग खिंडीच्या पोटातून जाणारा सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीस खुला झाला आणि पूर्वी हिवाळाभर बर्फामुळे जगापासून तुटणारे लाहौलचे खोरे ऐन थंडीतही मोटारीच्या टप्प्यात आले. श्रीनगर, गुलमर्ग, लेह, तवांग ही नावे सहलींच्या यादीत असतातच. शिवाय अखिल भारतीय पातळीवर काम करणाऱ्या बँकेत बदलीचा हुकूम कोणाला केव्हा कारगिलला नेईल आणि त्याच्यामागून त्याची गाडीही तेथे पोहोचेल, हे सांगता येत नाही.

निघण्यापूर्वी सुज्ञ वाहनधारक टायर बदलतो, ब्रेक तपासून घेतो, बॅटरीची धारणशक्ती पाहतो, रेडिएटरमध्ये योग्य प्रमाणात कूलंट आहे ना याची खात्री करतो. मात्र बॉनेटखालील निळ्या झाकणाची एक टाकी या तयारीतून हमखास सुटते. समोरच्या काचेवर पाण्याचा फवारा मारणाऱ्या वॉशरची ही टाकी. तिच्यात सोसायटीच्या नळाचे दोन-तीन लिटर पाणी आणि फार तर थोडा शाम्पू असतो. महाराष्ट्रात एवढ्याने वर्षानुवर्षे काम भागते, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. मनालीच्या पुढे मात्र हेच दोन लिटर पाणी प्रवासातील सर्वांत दुबळा दुवा ठरते.

काच पुसण्याच्या साधनाचा जन्मच मुळी थंडीतून झाला आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता, काचेवर बर्फ साचल्यामुळे ट्रामच्या चालकाला समोरचे दिसावे म्हणून काच उघडून गारठा अंगावर घ्यावा लागतो, हे त्यांनी पाहिले. आतून दांडा ओढून चालवायच्या वायपरचे पेटंट त्यांना नोव्हेंबर १९०३ मध्ये मिळाले. आपल्याकडे वायपर हे पावसाळ्याचे उपकरण मानले जाते. भारतातील हिमप्रदेशांत मात्र त्याची आणि त्याच्या जोडीच्या फवाऱ्याची खरी परीक्षा हिवाळ्यात होते.

ही परीक्षा साधारणपणे दुपारी सुरू होते. उन्हाने रस्त्याकडेचा बर्फ वितळतो, त्याचे पाणी रस्त्यावरून वाहू लागते आणि त्यात माती व बारीक खडी मिसळते. पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकांतून हा राडा मागच्या गाडीच्या काचेवर उडत राहतो. अशा वेळी पाण्याविना वायपर चालवला तर चिखल पुसला जात नाही, तो काचेभर सारवला जातो. सावलीत त्यातून अंधुक का होईना, पण दिसते. पुढच्या वळणावर मावळतीचे ऊन किंवा समोरच्या वाहनाचा प्रखर झोत त्या थरावर पडला की काच एका क्षणात दुधी होते. एका बाजूला दरी असलेल्या रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर अंतर कापते, एवढे ध्यानात घेतले तरी या क्षणाचे मोल कळावे. त्यात भर म्हणजे वायपरच्या रबराखाली सापडलेली खडी काचेवर कायमचे चरे पाडते, आणि ते कोणत्याही पॉलिशने सहसा जात नाहीत.

बर्फ आत काय करतो

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, हे शाळेत सर्वांनीच शिकलेले असते. वॉशरच्या बाबतीत हा धडा ठरावीक क्रमाने गिरवला जातो. बॉनेटवर किंवा त्याच्या कडेला असलेल्या नोझलची छिद्रे जेमतेम मिलिमीटरभर व्यासाची असतात. उघड्या वाऱ्यावरच्या पत्र्याला लागून असल्याने ती सर्वप्रथम गोठतात. त्यानंतर बॉनेटच्या खालून जाणारी बारीक रबरी नळी गोठते, मग टाकीच्या तळाशी रबरी बुशात बसवलेला छोटा विजेचा पंप, आणि सर्वांत शेवटी टाकी. टाकीतील पाणी पातळ दिसते म्हणून यंत्रणा ठीक आहे असे समजणे त्यामुळेच धोक्याचे आहे. श्रीनगरमध्ये ‘चिल्लई कलान’ म्हणून ओळखला जाणारा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. त्या काळात आणि लेहच्या जानेवारीत, जेथे रात्रीचा पारा उणे दहाच्याही बराच खाली जातो, ही चारही स्थानके एका रात्रीत गोठू शकतात.

सकाळी चालक सवयीने वायपरची दांडी आपल्याकडे ओढतो. फवारा येत नाही, म्हणून तो ती पुन्हा ओढतो आणि धरून ठेवतो. बहुतेक गाड्यांत या एकाच कृतीने पंप आणि वायपर दोन्ही सुरू होतात. पंपाचे पाते बर्फात अडकलेले असेल तर त्याच्या मोटारीतून जादा वीजप्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो किंवा मोटार जळते. वायपरचे रबर काचेला चिकटलेले असेल तर ते फाटते, नाहीतर दांड्यांच्या जोडांवर ताण येतो. थंडीने झालेल्या नुकसानीत चालकाच्या हाताने अशी भर पडते. दुरुस्तीची पहिली पायरी म्हणून हात आवरण्याचीच आहे.

त्यानंतर कानाचे काम येते. इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरवावी, वायपर काचेला चिकटलेले नाहीत हे पाहावे आणि वॉशर क्षणभरच चालवून बॉनेटजवळ कान द्यावा. बारीक घरघर ऐकू आली आणि पाणी आले नाही, तर पंप जिवंत आहे आणि अडथळा नळीत वा नोझलमध्ये आहे, किंवा नळी कोठेतरी निसटली आहे. काहीच आवाज नसेल तर फ्यूज पाहावा. तो कोठे आहे आणि किती अँपिअरचा आहे, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असते. बदलताना तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. नवा फ्यूजही उडाला तर तिसरा घालण्याचा मोह टाळावा, कारण तेव्हा पंप बर्फाने जखडलेला असतो किंवा त्याची मोटार गेलेली असते. जाड फ्यूज किंवा तांब्याची तार घालून काम भागवण्याची आपल्याकडील जुनी कला येथे वायरिंगला आग लावू शकते.

वितळवण्याची घाई

गोठलेली यंत्रणा वितळेपर्यंत तिचे निदान पूर्ण होत नाही. ती वितळवण्यात घाई करणारेच बहुधा मोठे नुकसान करून घेतात. उकळते पाणी हा सर्वांत प्रचलित उपाय आणि सर्वांत वाईटही. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा दाबून तयार केलेली असते. थंडगार काचेवर उकळते पाणी पडले की बाहेरचा थर एकाएकी प्रसरण पावतो, आतला मात्र आहे तसाच राहतो. खडी लागून पडलेला एखादा टिंबाएवढा टवका तेथे असेल तर तेथून तडा धावत जातो. टाकीत ओतलेले उकळते पाणीही थंडीने ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकला झेपत नाही आणि संध्याकाळी तेच पाणी नव्याने गोठते.

लडाखसारख्या भागात निसर्गानेच बरी सोय केली आहे. तेथील हवा विरळ व कोरडी आणि ऊन प्रखर असते. गाडीचे तोंड सूर्याकडे करून बॉनेटवर ऊन येईल अशी ती उभी केली, तर भर हिवाळ्यातही दुपारपर्यंत नोझल आणि नळी मोकळी होऊ शकते. इंजिन सुरू ठेवूनही बॉनेटखालची नळी तापते. मात्र अनेक गाड्यांत टाकी इंजिनापासून दूर, बंपरच्या किंवा पुढच्या चाकाच्या कमानीच्या मागे असते, त्यामुळे ती सर्वांत उशिरा वितळते. नोझलवर कोमट पाण्यात पिळलेले फडके किंवा गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवणे पुरेसे असते. हॉटेलमध्ये केस वाळवण्याचे यंत्र मिळाले तर त्याची ऊब टाकीलाही दुरून देता येते.

येथे एका धोक्याचा उल्लेख ठळकपणे करायला हवा. बंद शेडमध्ये गाडी सुरू ठेवून ती ‘गरम’ करणे जिवावर बेतते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वासही नाही. बर्फात रुतलेल्या गाडीचा सायलेन्सर बर्फाने बुजला असेल तर उघड्या मैदानातही हा वायू गाडीत शिरू शकतो. तसेच थंडीने डिझेल थिजले की टाकीखाली जाळ करण्याचे धाडस काही चालक करीत आले आहेत. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी आणल्यावर त्या धाडसाचे कारण बरेचसे उरले नाही. वॉशरची टाकी तर प्लॅस्टिकची, नळ्या रबराच्या आणि त्यात अल्कोहोलमिश्रित द्रव असेल तर तो ज्वलनशील. तिच्याजवळ ज्योत नेण्याचा विचारही नको.

बर्फ वितळला की खरे नुकसान दिसू लागते. गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरून टाकीत थोडे द्रव घालावे आणि दहा मिनिटे थांबावे. पुढच्या चाकाजवळ ओल आली तर टाकीचा जोड उकललेला असतो, पंप रबरी बुशातून सरकलेला असतो किंवा पंपाचे कवच तडकलेले असते. सरकलेला पंप हा यातला सर्वांत सुखद दोष होय. बुशाला साबणाचे पाणी लावून तो हाताने दाबून बसवता येतो. तडकलेला पंप बदलावाच लागतो. चाकाच्या कमानीतील प्लॅस्टिकचे अस्तर उघडले की सामान्य गॅरेजमध्येही हे काम थोड्या वेळात होते. टाकीची चीर बुजवण्यासाठी मात्र घरगुती चिकटद्रव्ये निरुपयोगी ठरतात. या टाक्या बहुधा पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि या प्लॅस्टिकला साधा गोंद धरतच नाही. ते तापवून सांधावे लागते, नाहीतर नवी टाकी घ्यावी लागते. चीर टाकीच्या वरच्या अंगाला असेल तर तिच्या खालच्या पातळीपर्यंतच द्रव भरून उरलेला प्रवास निभावता येतो.

घरघर ऐकू येते, गळती नाही आणि तरीही फवारा येत नाही, असे झाले तर नळीचा माग घ्यावा. नोझलच्या अलीकडे नळी अलगद सोडवून पाहावी. तेथे धार आली तर दोष नोझलचा, आणि तो बारीक सुईने साफ होतो. धार आली नाही तर मधल्या ‘टी’ आकाराच्या जोडापर्यंत किंवा पाणी मागे परतू न देणाऱ्या झडपेपर्यंत मागे जावे. झडप काढून पुन्हा बसवताना तिच्यावरील बाणाची दिशा नोझलकडे हवी. ती उलटी बसवली की सगळे सुटे भाग नवे असूनही फवारा येत नाही आणि मग पंपावर विनाकारण संशय घेतला जातो. मागच्या काचेलाही वायपर असलेल्या हॅचबॅक गाड्यांत आणखी एक बारकावा आहे. अशा अनेक गाड्यांत एकच पंप एका दिशेने फिरून पुढे आणि उलट फिरून मागे पाणी देतो. मागची लांब नळी छताच्या अस्तराआडून जाते. ती थंडीने आतल्या आत फुटली तर ओल दिसते ती छताच्या कापडावर, आणि मालक सनरूफ किंवा दाराच्या रबराला दोष देत बसतो.

टाकीत काय घालावे

दुरुस्तीनंतर पुन्हा नळाचे पाणी भरले तर दुसऱ्या सकाळी सारे पहिल्यापासून सुरू होईल. दुकानांत ‘विंडस्क्रीन वॉशर’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक छोट्या बाटल्यांत साबणाचे अर्क असतात. ते काच स्वच्छ करतात, गोठणे रोखत नाहीत. किती अंशांपर्यंत गोठणार नाही, हे ज्या बाटलीवर स्पष्ट छापलेले आहे, तीच घ्यावी. ती न मिळाल्यास औषधांच्या वा शस्त्रक्रिया-साहित्याच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयोगी पडते. शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक भाग दोन भाग पाण्यात मिसळला तर उणे दहा अंशांच्या आसपासची थंडी निभावते, समप्रमाणात मिसळला तर उणे वीसच्या आसपासची. मिश्रण एका लहान बाटलीत भरून रात्रभर खिडकीबाहेर ठेवावे. सकाळी ते पातळ असेल तर विश्वास ठेवावा. मिश्रण ज्वलनशील असल्याने उरलेली बाटली घट्ट बंद करून डिकीत ठेवावी आणि ते हाताळताना धूम्रपान टाळावे.

मिथेनॉलपासून दूर राहणेच श्रेयस्कर. ते स्वस्त आणि गोठणरोधक म्हणून प्रभावी असले तरी थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते आणि प्राणही. युरोपीय संघाने मे २०१९ पासून सर्वसामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या वॉशर द्रवात ०.६ टक्के किंवा त्याहून अधिक मिथेनॉल असण्यास मनाई केली, ती याच कारणाने. रेडिएटरचे कूलंटही या टाकीत घालू नये. ते काचेवर तेलकट थर धरते, आणि त्यातले एथिलीन ग्लायकॉल विषारी असते. मिठाचे पाणी गोठायला वेळ घेते हे खरे, परंतु ते नोझल बुजवते आणि पत्रा गंजवते.

द्रव योग्य असूनही यंत्रणा का गोठली, असा प्रश्न अनेकांना पडतो. याचे उत्तर बहुतेकदा टाकीत नसून नळीत सापडते. टाकी अर्धी पाण्याने भरलेली असताना त्यावर उणे वीस अंशांचा द्रव ओतला, तर मिश्रण उणे दहाच्या आसपासच गोठते. टाकी रिकामी करून भरली तरी नळीत आणि नोझलमध्ये जुने पाणी शिल्लकच असते. म्हणून गाडी उबदार प्रदेशात असतानाच, चंदीगडच्या किंवा जम्मूच्या मुक्कामी, टाकी रिकामी करून नवा द्रव भरावा आणि पुढचा व मागचा दोन्ही फवारे अल्कोहोलचा वास येईपर्यंत थोडे थांबत-थांबत चालवावेत. हे पाच मिनिटांचे काम पुढचा सारा खटाटोप टाळते.

तरीही एक सावधगिरी उरते. धावत्या गाडीच्या थंड काचेवर फवारा पडला की वाऱ्याने अल्कोहोल झपाट्याने उडून जाते. जाताना ते काचेची उष्णता घेते आणि मागे पाणी ठेवून जाते. मग टाकीत न गोठणारा द्रव काचेवर पडताच गोठतो आणि चालकाच्या नजरेसमोर पांढरा पडदा धरतो. यासाठी निघण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे गरम हवेचा झोत काचेवर सोडावा, पहिला फवारा गाडी उभी असतानाच मारून पाहावा आणि धावत्या गाडीत काच कोमट झाल्याखेरीज वॉशरला हात लावू नये. रात्री गाडी उभी करताना वायपरच्या दांड्या काचेपासून उचलून ठेवाव्यात. सकाळचा बर्फ खरवडण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी हवी. मुदत संपलेले एटीएम कार्डही हे काम झकास करते. चिप आणि चुंबकीय पट्टी कापून टाकल्यावर उरलेल्या कार्डाचा याहून सत्कारणी उपयोग क्वचितच सापडेल!

विम्याचे गणित

बँकेतून वाहनकर्ज घेतलेल्या ग्राहकांकडे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा असतोच. त्या पॉलिसीच्या प्रचलित मसुद्यात पूर, वादळ, गारपीट यांच्या जोडीला ‘फ्रॉस्ट’ म्हणजे गोठवणाऱ्या थंडीचाही उल्लेख आहे, हे फार थोड्यांच्या वाचनात येते. परंतु त्याच मसुद्यात यांत्रिक व विद्युत बिघाड वगळलेले आहेत, त्यामुळे जळलेल्या पंपाची भरपाई मिळण्याची आशा धरू नये. फुटलेल्या टाकीबाबत दावा करता आला, तरी प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो आणि १५०० सी.सी.पर्यंतच्या गाडीला एक हजार, त्यावरील गाडीला दोन हजार रुपयांची अनिवार्य वजावट लागते. शिवाय वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी ‘नो क्लेम बोनस’ची सवलत एका छोट्या दाव्याने हातची जाते. टाकी आणि पंप स्वखर्चाने बदलणेच बहुधा परवडते. काच तडकली तर मात्र गणित वेगळे, कारण काचेच्या भागांवर घसारा लागत नाही.

परतीच्या प्रवासात मैदानी मुलुख लागला की अल्कोहोलमिश्रित द्रव काढून टाकीत साधे पाणी व थोडा साबणाचा अर्क भरता येतो. उष्ण हवेत अल्कोहोल तसेही उडून जाते. घरी पोहोचल्यानंतरचे दोन-तीन दिवस पार्किंगच्या फरशीकडे लक्ष असू द्यावे. थंडीने पडलेली केसाएवढी चीर हिमप्रदेशात बर्फानेच बुजलेली असते. पुढच्या चाकामागे तळहाताएवढी ओल दिसली आणि पाऊस पडलेला नसला, तर ती तेथलीच चीर असण्याचा संभव आहे, आणि पंपासमवेत टाकी उतरवून पाहण्यास शहरातील गॅरेज हेच सोयीचे ठिकाण.